मदत हवी आहे: कुजलेल्या आंब्याच्या सालीखाली सापडलेले भुंगे आणि गांधीलमाश्या ओळखायच्या आहेत

देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. बांधावरचा जुना रायवळ आंबा काही पावसाळ्यांपूर्वी आडवा झाला, तो ओंडका तिथेच पडून आहे. साल आता हाताने सुटते आणि आत किड्यांचं अख्खं गाव आहे. शेजारचे काका म्हणतात, "हे सगळं भिरूड (आंब्याचं खोड पोखरणारी कीड). पेटवून दे, नाहीतर कलमांना लागेल." जाळण्याआधी आत कोण आहे ते कळावं म्हणून विचारतोय. फोटो धूसर आलेत, म्हणून वर्णन लिहितो.

एक भुंगा काळा, चकचकीत, साधारण दोन सेंटीमीटरचा. पाठीवर नांगरल्यासारख्या उभ्या रेघा, छाती आणि पंखांच्या मध्ये बारीक कंबर. हातात धरला की चुईचुई आवाज करतो. त्याच बोगद्यात तसेच आणखी भुंगे आणि सडपातळ पांढऱ्या अळ्या होत्या. दुसरा करंगळीच्या नखाएवढा, काळा, अगदी चपटा. जबडे पुढे आलेले, आखूड पंखांखालून पोटाचं टोक उघडं. भुसभुशीत लाकडात जाडजूड, वळून बसलेल्या पांढऱ्या अळ्याही आहेत.

गांधीलमाश्या दोन प्रकारच्या. एक बारीक, काळी, मागे अंगाहून लांब सुई. मिशांनी साल चाचपत चालते आणि मग सुई लाकडात खुपसते. दुसरी मोठी, केसाळ, काळी, पोटावर पिवळे ठिपके. भुशावर अगदी खालून घिरट्या घालते.

यातलं कलमांना घातक कोण? शेजारी माडही आहेत.

प्रतिसाद

जाळू नका. आवाज करणारा भुंगा पॅसॅलिड कुळातला. हे कुटुंब करून राहतात: मोठे भुंगे कुजकं लाकूड चावून बारीक करतात आणि अळ्या त्यावर वाढतात. अळीला चारच पाय दिसतील, कारण मागची जोडी खुरटलेली असते. ती घासून अळीही आवाज करते. जिवंत झाडाला यांचा काही त्रास नाही. चपटा भुंगा हिस्टरिड कुळातला, बहुधा होलोलेप्टा. तो सालीखालच्या माश्यांच्या अळ्या खातो.

सुईवाली माशी चावायला येत नाही. ती सुई अंडी घालायची नळी आहे. लाकूड पोखरणाऱ्या अळीचा ठाव घेऊन ती तिच्यावर किंवा जवळ अंडं घालते, म्हणजे भिरुडाच्या जातकुळीची शत्रूच. डोकं लांब मानेवर आणि मागच्या मांड्या जाड, दातेरी असतील तर स्टेफॅनिड कुळातली, नाहीतर इक्न्यूमॉन किंवा ब्रॅकॉनिड कुळातली. बाजूने, पंखांच्या शिरा दिसतील असा फोटो द्या. केसाळ माशी स्कोलिड कुळातली आहे. ती भुशात उकरून जाड अळ्या शोधते, डंख मारून त्यांना लुळं करते आणि वर अंडं घालते.

आता त्या जाड अळ्या. माड शेजारी आहेत म्हणून इथे खरी काळजी घ्या, त्या माडाला पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याच्या असू शकतात. एक अळी सपाट जागेवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन सरपटली तर फुलभुंग्याची, तिला सोडून द्या. कुशीवर वळून पडली, डोकं तपकिरी आणि सहा पाय स्पष्ट असतील तर गेंडा भुंग्याचा संशय धरा, वेचून काढा आणि शेणखताचा खड्डाही उकरून बघा.

भिरुडाची अळी यांपैकी कोणतीच नाही. तिला पाय नसतात, ती लांबट आणि पुढून रुंद असते. तिची मादी जिवंत किंवा नुकत्याच वाळलेल्या झाडाच्या सालीत अंडी घालते. इतका कुजलेला ओंडका तिच्या कामाचा नाही.

धागाकर्ता

खूप आभार. बहुतेक अळ्या पाठीवरच सरपटल्या! कुशीवर पडलेल्या वेगळ्या काढल्यात. पण उभ्या कलमाच्या बुंध्याशी भोक आणि खाली ताजा, ओलसर भुसा दिसला. ते भिरूडच का?

प्रतिसाद

लक्षण तेच आहे. भोकात तार घालून अळी ओढून काढा, मग कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा घालून तोंड चिखलाने लिंपा. औषध आणि प्रमाण कृषी सहायकाला विचारून घ्या. काही दिवसांनी पुन्हा बघा. नवा भुसा पडत असेल तर अळी अजून आत आहे. काकांना हे कलम दाखवा, ओंडका राहू दे.