ऑर्गनवाल्याला ४० टक्के कशाला?

सुरांचा_माळी: काल इथे एकाने लिहिलं, 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'ची चाल गॅरी ब्रुकरची, शब्द कीथ रीडचे, मॅथ्यू फिशर नुसता ऑर्गन वाजवणारा, कोर्टाने त्याचे फुकट लाड केले. वाचून डोकंच फिरलं. प्रोकॉल हॅरम या इंग्लिश बँडचं ते गाणं आठवताना आधी काय ऐकू येतं? शब्द? त्यांचा अर्थ लावता लावता लोक म्हातारे झाले. ऐकू येतो तो हॅमंड ऑर्गन! १९६७ पासून गाण्याच्या श्रेयात फिशरचं नाव नव्हतं. २००६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्याला संगीताच्या हक्कांत ४० टक्के वाटा दिला. कमीच दिला.

मूळ_चाल: ते लिहिणारा मीच. ब्रुकरचं म्हणणं, गाणं आधीच तयार होतं, फिशर नंतर आला. लग्न आम्ही जमवलं, आता सनईवाला म्हणतो नवरी माझी! शिवाय ऑर्गनवर बाखची, त्या जुन्या जर्मन संगीतकाराची, छाप आहेच.

सुरांचा_माळी: ब्रुकरच्या चालीतल्या उतरत्या बासवर, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीवर, नाही का बाख? त्याला का नाही विचारत?

गिरगावकर: इंग्लंड सोडा, आपल्याकडे बघा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारे, सेबॅस्टियन डिसोझा होते, किती जणांना माहीत आहे? गोव्याच्या अरेंजरांनी अख्खी इंडस्ट्री उभी केली. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांच्या तोंडी आलं ते शिष्य प्यारेलालमुळे, तेही विनोदी गाण्यातून. माझे काका अकॉर्डियन वाजवायचे. संगीतकार एक ओळ गुणगुणून चहाला जायचा, मधले पीस काका बसवायचे. रेकॉर्डवर नाव? शून्य. पाकीट घ्या, घरी जा.

मूळ_चाल: काकांनी मुखडा लावला होता का? नाही ना? मग ते संयोजन, चाल नव्हे. उद्या ढोलकीवालाही हिस्सा मागेल.

गिरगावकर: काकांवर जाऊ नका. आणि मागू दे की! ढोलकी काढून लावणी वाजवून दाखवा.

मूळ_चाल: काकांना मध्ये तुम्हीच आणलंत.

पिंकी_फ्लॉइड: गायिका क्लेअर टोरीला पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी ३० पौंड मिळाले होते. २००४ मध्ये दावा केला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आता बँडच्या रिचर्ड राइटच्या नावापुढे तिचंही नाव लागतं. तिने शब्दही गायला नव्हता, नुसता आवाज. त्याला काय म्हणाल, संयोजन?

मूळ_चाल: ते वेगळं. पण फिशर ३८ वर्षं झोपला होता का? बँड तर त्याने १९६९ लाच सोडला.

सुरांचा_माळी: हाच मुद्दा अपील कोर्टाने धरला. सहलेखक मानलं, पैसे मात्र नाकारले. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, तो निकाल एकमताने फिरवला. पैसे मिळाले तेही दाव्यापासून पुढचे. आधीची सगळी वर्षं ब्रुकर आणि रीडच्याच खिशात. अजून किती शिक्षा हवी?

गिरगावकर: काकांना तर तेवढंही नाही.

मूळ_चाल: बरं बाबा. आत्ता स्वयंपाकघरात ते गाणं ऑर्गनशिवाय गुणगुणून पाहिलं. दोन ओळींनंतर तोंडातून आपोआप ऑर्गनच निघाला. द्या त्याला ४०. खूश? ढोलकीवाल्याला मात्र २ टक्क्यांच्या वर एक पैसा नाही.

गिरगावकर: २ कबूल केलेत, स्क्रीनशॉट काढलाय.