रेस अडकली की आधी कुठे बघता? जुन्या स्पोर्ट्स गाडीवाल्यांचे अनुभव

गायमुखकर

हा धागा केबलवाल्या गाड्यांसाठी. पॅडल आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामध्ये फक्त एक तार आहे, मोटर नाही, अशी टू-सीटर किंवा कूपे ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहावं. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली. वयाप्रमाणे कुरबुरी चालायच्याच, पण ही जरा घाबरवणारी आहे. कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो की पाय काढूनही आरपीएम दोन हजारांवर बसून राहतो. पॅडलला वरून एक टोला दिला की खाली येतो. कधी सुरुवातीलाच पॅडल घट्ट लागतं आणि सुटलं की गाडी उडी मारते, पुढची रिक्षा थोडक्यात वाचते.

दोष कसा शोधलात तेवढं लिहा. "मेकॅनिकने काहीतरी केलं आणि बरी झाली" असले अनुभव नकोत, ते माझ्याकडेही आहेत.

वागळेचा फिटर

साहेब, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र लिहिलीत. पॅडल आधी घट्ट आणि मग झटका, म्हणजे बटरफ्लाय, थ्रॉटलमधली फिरणारी चकती, बंद जागेवर चिकटतोय. पाय काढल्यावर रेस खाली येत नाही, म्हणजे परत येताना काहीतरी अडतंय. एकाच गाडीत दोन्ही असू शकतं, पण बघायची जागा वेगळी.

बंद जागेवर चिकटतो तो बहुतेक वेळा मळीने. इंजिनातली तेलाची वाफ पीसीव्हीच्या (ती वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये येते, तिला धूळ धरते आणि बटरफ्लायच्या कडेला काळी रिंग जमते. घोडबंदरला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आमच्याकडे येणारे एअर फिल्टर बघाल तर रस्ता ओळखाल.

इंजिन बंद करून बोनेट उघडा. केबलचं टोक थ्रॉटलच्या चाकावरून काढा. चाक हाताने पूर्ण फिरवा आणि सोडून द्या. टक् आवाज करून स्टॉपवर बसलं पाहिजे. बसलं, तर थ्रॉटल बॉडी निर्दोष, आता केबल आणि पॅडल बघायचं. नाही बसलं, तर केबलवर पैसे घालू नका. मग सुटी तार हाताने ओढून बघा, खरखर लागते का. आणि हे सगळं इंजिन तापल्यावर पुन्हा करा. गार असताना मोकळं फिरणारं तापल्यावर अडतं, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते गाडी गार झाल्यावर.

स्टॉर्मवाला, कळवा

माझी सॅन स्टॉर्म. नव्या मंडळींसाठी: गोव्यात बनलेली फायबर बॉडीची टू-सीटर, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. फिटरदादा म्हणतात तसं केबल काढून बघितलं, थ्रॉटल झकास फिरत होता. तार ओढली तर मध्येच एका जागी अडखळायची, दर वेळी तिथेच.

शेवटी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. पॅडलच्या टोकाशी, जिथे तार आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, शिरते, तिथे तिचा एक पदर तुटून माशाच्या काट्यासारखा बाहेर आला होता. पॅडल दाबताना तो गुपचूप बाहेर सरकायचा आणि परत जाताना आउटरच्या तोंडाशी रुतायचा. बोनेटच्या बाजूने कितीही बघितलं असतं तरी दिसला नसता. गाडी खाडीजवळ उघड्यावर उभी असते. खारी हवा आणि चार महिने पाऊस, तार गंजणार नाही तर काय.

नवी केबल कुठे मिळेना. केबल बनवून देणाऱ्याकडे जुनी नमुन्याला दिली. तिथे नुसती लांबी देऊन भागत नाही: दोन्ही टोकांच्या गोळ्या आणि आउटरची लांबी वेगळी मोजायला लावा. आउटर जरा आखूड झाला तर केबल ढिली पडते आणि लांब झाला तर थ्रॉटल पूर्ण मिटतच नाही. आतून नायलॉनचं अस्तर असेल तर ग्रीस भरू नका. ते धूळ धरतं आणि पुन्हा तेच दुखणं.

पामबीच_रात्री

माझ्या बाबतीत मॅट. नवीन जाड रबरी मॅट पॅडलखाली सरकली होती. सानपाडा ते बेलापूर घामाघूम. बोनेट उघडण्याआधी खाली वाकून बघा, फुकट आहे.

नौपाड्यातले काका

आमची एमजीबी, १७९८ सीसी, जोडीचे एस-यू कार्ब्युरेटर. तिथे प्रकार निराळा, कारण दोन कार्ब्युरेटर म्हणजे दोन बटरफ्लाय, दोन स्प्रिंगा आणि मधली जोडणी. एक बंद झाला आणि दुसरा जरासा उघडा राहिला की इंजिन घोंघावत बसतं आणि माणूस केबलला शिव्या देतो. मधल्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करा आणि एकेक कार्ब्युरेटर स्वतंत्र फिरवून बघा. आमच्याकडे मागच्याचा स्पिंडल (बटरफ्लायचा दांडा) झिजून बटरफ्लाय तिरका बसत होता. लेथवाल्याकडून बुश बसवून घेतले.

दुसरं, चोक. चोकची तार पूर्ण आत गेली नाही तर फास्ट आयडलचा (गार इंजिनाची रेस चढती ठेवणारा) कॅम त्याच्या स्क्रूला उचलून धरतो. नॉब डॅशबोर्डला टेकलेला दिसतो, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. बोटाने कॅम खाली ढकला, रेस उतरली तर दोष तिथेच.

आणि पोरांनो, एस-यूचा पिस्टन (कार्ब्युरेटरमधला, इंजिनातला नव्हे) अडकणं ही गोष्ट वेगळी. त्याने पिकअप मरतो, इंजिन काळा धूर टाकतं, पण रेस चढून राहत नाही. पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली टक् करून पडला की तो निर्दोष.

सीवूड्सकर

मीही एमएक्स-५ वाली. गायमुखकर, एक सोपी गोष्ट करून बघा. आरपीएम चढून बसला असताना थ्रॉटलचं चाक बोटाने बंदच्या दिशेला दाबा. रेस उतरली तर थ्रॉटल खरंच उघडा राहिलाय. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच बंद आहे आणि हवा दुसरीकडून आत जातेय.

माझ्याकडे फरक पडला नव्हता. थ्रॉटल बॉडीच्या खाली आयडलचा (पाय काढलेला असताना इंजिनाला हवा देणारा) व्हॉल्व्ह असतो, त्यातून कूलंटही फिरतो. तो उघडा अडकला होता. गाडी एका गॅरेजमध्ये होती, तिथे सांगत होते की अख्खी थ्रॉटल बॉडी बदला, परदेशातून मागवू. थ्रॉटलच्या तोंडाशी आतल्या बाजूला आयडलच्या हवेचं भोक दिसतं. इंजिन चालू असताना ते बोटाने झाकलं तर आरपीएम धाडकन खाली. मागवायचा बेत तिथेच संपला. कूलंट कमी असेल तरी हेच होतं, म्हणून आधी रेडिएटर बघा, अर्थात गाडी गार असताना.

येऊरच्या_चढावर

आडवं इंजिन असलेल्या कूपेवाल्यांनी इंजिनचं फाउंडेशन (ज्या रबरांवर ते बसतं) तपासा. माझी रेस फक्त पहिल्या-दुसऱ्या गिअरला चढावर अडकायची, जागेवर उभी असताना कधीच नाही. जोर लागला की इंजिन मागे कलायचं आणि केबल ताणायचं. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं, म्हणून हे हुकतं. हँडब्रेक ओढून, गाडीसमोर कुणाला उभं न करता, क्लच किंचित सोडायचा आणि बाजूने इंजिन किती उचलतं ते बघायचं.

मुंब्रा_बायपास

निदान सगळे सांगताहेत, चालत्या गाडीत काय करायचं ते कुणी लिहिलं नाही. माझी ट्रेलरच्या मागे अडकली होती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, इंजिन किंचाळलं तर किंचाळू दे. ब्रेक एकदाच आणि जोरात, पंप करू नका. थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मदत करणारा इंजिनाचा व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला असतो तेवढाच, तो दोन-तीन दाबांत संपतो आणि पुढे पॅडल दगड होतं. चावी फिरवायची तर एकच टप्पा मागे. पूर्ण काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल.

गायमुखकर

सगळ्यांचे आभार, बरंच करून बघितलं. मॅट लावलेलीच नाही. सीवूड्सकर ताईंची बोटाची चाचणी केली: रेस उतरली, म्हणजे थ्रॉटलच. केबल काढून फिटरदादांची चाचणी: गार असताना टक्, तापल्यावर शेवटच्या केसभर अंतरात थांबतो. इनटेकची नळी काढून आत बोट फिरवलं, बोट काळं. आता स्प्रे मारून ब्रशने घासू का? आणि स्टॉपचा स्क्रू जरा फिरवला तर?

वागळेचा फिटर

स्क्रूला हात लावू नका. तो आयडल सेट करायला नसतो, बटरफ्लाय भिंतीत रुतू नये म्हणून असतो. कुणी आधीच मागे घेतला असेल तर तुमचं घट्ट पॅडल तिथूनच आलंय. त्यावरचा कारखान्याचा रंग फुटलाय का बघा.

ब्रशही नको. काही थ्रॉटल बॉडींना कडेला काळा लेप मुद्दाम दिलेला असतो, मळ समजून लोक तोच खरवडतात. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर घ्या, बटरफ्लाय हाताने उघडा धरून कडा आणि भिंत पुसा. स्प्रे थेट स्पिंडलवर मारला तर तो पलीकडच्या सेन्सरमध्ये उतरतो. नंतर स्पिंडल दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खेळ लागला तर नुसत्या सफाईने भागणार नाही, बॉडी काढून आणा. येताना गाडी तापवून आणा.