स्मॉल ब्लॉक 350 साठी रोलर रॉकर: 1.5 घ्यावेत की 1.6?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे शेव्हरोलेचे 350 घनइंची (5.7 लिटर) स्मॉल ब्लॉक इंजिन असून त्यावर व्हॉर्टेक हेड (शेव्हरोलेचे एका प्रकारचे सिलेंडर हेड) आणि हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या, तेलाने फट भरून काढणाऱ्या लिफ्टरवर चालणारा कॅम) आहे. कॅमच्या लोबची (उंचवट्याची) उचल 0.300 इंच आहे. रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या तरफा) आणि स्प्रिंग मूळचेच आहेत, म्हणजे साच्यात दाबलेल्या पत्र्याचे 1.5 गुणोत्तराचे रॉकर. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालते, कधीतरी ट्रॅकवरही नेतो. फुल रोलर रॉकर (पिव्हटवर, म्हणजे मधल्या टेकूवर, आणि टोकालाही रोलर असलेले) बसवायचे नक्की केले आहे. परंतु कॅम न बदलता 1.6 चे रॉकर घेऊन थोडी अधिक ताकद मिळवावी का, तसेच अॅल्युमिनियम बरे की स्टील, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद 1

आधी उचलीचा हिशेब करावा. 0.300 ला 1.5 ने गुणले की व्हॉल्व्हची उचल 0.450 इंच येते आणि 1.6 ने गुणले की 0.480. व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि सीटवरून लवकर उठतो, त्यामुळे वरच्या फेऱ्यांत (जास्त आरपीएमवर) इंजिनाला फरक जाणवतो, हे खरे आहे. मात्र व्हॉर्टेक हेडवर नेमकी इथेच अडचण येते. पूर्ण उचलीच्या वेळी स्प्रिंगचा रिटेनर (तिला वरून धरणारी चकती) गाइडवरच्या (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीवरच्या) सीलच्या फार जवळ येतो, आणि मूळ मांडणीत 0.480 इंच उचल सुरक्षित धरता येत नाही. रिटेनर आणि सील यांच्यात किमान 0.050 इंच, तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकण्यापूर्वी सुमारे 0.060 इंच जागा उरली पाहिजे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इनटेकला 0.080 आणि एक्झॉस्टला 0.100 इंच अंतर ठेवण्याची रीत आहे. एक्झॉस्टला जास्त ठेवतात, कारण तो व्हॉल्व्ह बंद होत असताना पिस्टन त्याच्या मागोमाग वर येत असतो आणि स्प्रिंग जराशी कमी पडली तरी दोघे एकमेकांवर आपटतात. ही मापे हेड उघडून घेतलेली नसतील, तर 1.5 चेच रॉकर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पत्र्याच्या रॉकरचे गुणोत्तर प्रत्यक्षात 1.5 पेक्षा थोडे कमीच भरते, त्यामुळे नेमके 1.5 चे रॉकर बसवूनही उचल काहीशी वाढलेली आढळेल.

फ्लॅट टॅपेट कॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुणोत्तर वाढले की लोब आणि लिफ्टर (लोबवर टेकून वर-खाली होणारा भाग) यांच्यातला दाबही वाढतो, आणि टोकाला रोलर असल्याने तो कमी होत नाही.

प्रतिसाद 2

वरील मताशी सहमत आहे. पुशरॉडचा (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतच्या दांड्याचा) मुद्दा मात्र राहिला. नवे रॉकर आले की जुन्या लांबीचा पुशरॉड चालेलच असे नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा तपासणीचा पुशरॉड घ्यावा, एका व्हॉल्व्हवर हलकी स्प्रिंग बसवावी, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावावी आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. रॉकर काढून पाहिल्यावर शाई जिथे पुसली गेली आहे तो पट्टा जितका अरुंद, तितकी लांबी बरोबर. पट्टा मधोमध आहे पण रुंद आहे, असे दिसल्यास समाधान मानू नये, कारण रुंद पट्ट्याचा अर्थ रोलर टोकावर लांबवर सरकतो आणि व्हॉल्व्हला बाजूला ढकलतो, म्हणजे झीज शेवटी गाइडची होते. हलकी स्प्रिंग एवढ्यासाठी की मूळ स्प्रिंगच्या दाबाने हायड्रॉलिक लिफ्टर आत दबला, तर माप चुकीचे येते.

1.6 मध्ये रॉकरमधली पुशरॉडची वाटी स्टडच्या (रॉकर ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्याच्या) जवळ सरकते. त्यामुळे पुशरॉड हेडमधल्या भोकाच्या कडेला घासतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ता

सविस्तर माहितीबद्दल आभारी आहे. 1.5 चेच घेतो. गाइडप्लेट (पुशरॉडला सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या) लागतील का?

प्रतिसाद 3

आपल्या हेडवर मूळचे रॉकर सेल्फ-अलाइनिंग प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कडा असून त्यांच्यामुळेच रॉकर व्हॉल्व्हवर सरळ राहतो. रोलर रॉकरही त्याच प्रकारचे मागवावेत, म्हणजे गाइडप्लेटची गरज राहत नाही. दोन्ही एकत्र कधीही बसवू नयेत, कारण दोन ठिकाणांहून दिशा मिळाली की रॉकर अडकतो. पुढे हेडला आटे पाडून स्क्रूचे स्टड बसवले आणि गाइडप्लेट लावल्या, तर साधे रॉकर आणि कडक केलेले पुशरॉड घ्यावे लागतील.

रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी स्टील निवडेन. अॅल्युमिनियम वर्षानुवर्षे ताण सोसत राहिले की थकते, आणि स्टीलच्या रॉकरचे जास्तीचे वजन बव्हंशी पिव्हटजवळ असल्याने त्याचा त्रास वाटतो तितका होत नाही.

बसवताना रॉकरची फट शून्य झाली की पॉली लॉक (आत स्क्रू असलेला, स्टडवर रॉकर धरून ठेवणारा नट) अर्धा फेरा फिरवावा. 3/8 इंची स्टडला इंचाला 24 आटे असल्याने अर्ध्या फेऱ्यात नट सुमारे 0.020 इंच खाली येतो आणि रॉकरच्या तरफेमुळे लिफ्टर सुमारे 0.035 इंच आत जातो. स्टडचे वरचे टोक सपाट आहे याची खात्री करावी. गोलसर असेल तर आतला स्क्रू नीट टेकत नाही आणि लॉक सैल होतो. पॉली लॉक उंच असल्यामुळे मूळ व्हॉल्व्ह कव्हर आतून घासण्याची शक्यता आहे, तेव्हा उंच कव्हर किंवा जाड गॅस्केट रॉकरबरोबरच मागवावे.