तिसऱ्या डोसला सरकारीतून प्रायव्हेटकडे, कार्डावर नुसतं 'रोटा'

प्रेषक: छोटीचा बाबा

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. छोटीचे सहा आणि दहा आठवड्यांचे डोस सरकारी केंद्रात झाले, चौदाचा प्रायव्हेटमध्ये घ्यायचाय कारण हिची रजा संपली आणि केंद्राचा लसीचा वार नेमका दोघांच्या ऑफिसचा. पेंटाच्या (पाच रोगांची एकत्र लस) जागी हेक्सा (सहा रोगांची) देतो, चालतं, असं डॉक्टर म्हणाले. अडलंय ते रोटावर (जुलाबाच्या रोटाव्हायरसची तोंडाने द्यायची लस). त्यांच्याकडे दोन डोसवाली आहे, म्हणाले दोन झालेत म्हणजे संपलं. कार्डावर नुसतं 'रोटा' आणि तारीख, कंपनी नाही, बॅच नाही. केंद्रात फोन कोणी उचलत नाही. ज्यांनी असं बदललंय त्यांनी काय केलं? शक्यतो उद्यापर्यंत सांगा.

प्रेषक: ताई, बालविभाग

अरे दादा, आधी एक विचार, पहिल्यापासून सुरू करायला तर नाही ना सांगत? आमच्या धाकट्याच्या वेळी एका क्लिनिकने सांगितलं होतं की सरकारी डोस आम्ही धरत नाही, सगळं नव्याने देऊ. मी ठाम नाही म्हटलं, कार्डावर तारीख आहे म्हणजे डोस झालाय, बाळाला उगाच परत टोचायचं कशाला. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, मध्ये उशीर झाला तरी राहिलेलाच डोस द्यायचा, मागचे पुसले जात नाहीत. रोटाचं मात्र वहिनींना विचार, कोविडच्या वेळी सगळ्यांची कार्डं त्यांनीच तपासली होती.

प्रेषक: माजी सचिव

सर्वांना नम्र विनंती. ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे, पालकांची वेगळी यादी आपण मागच्या सभेत ठराव करून काढली, तिथे लिहावं. तरी विषय बाळाचा आहे म्हणून सांगतो, प्रायव्हेटलाच जा. तिथे स्वतंत्र फ्रिज असतो, केंद्रात एकाच बाटलीतून किती मुलांना देतात देव जाणे. शिवाय त्यांची लस कमी दुखते, ताप कमी येतो.

प्रेषक: वहिनी (लसीकरण विभागात होते ती)

काका, यादीचं तुमचं बरोबर, पण पालकांच्या यादीवर निम्मे लोक अजून आलेलेच नाहीत आणि याला उद्यापर्यंत उत्तर हवंय, म्हणून इथेच लिहिते.

रोटा आधी. रोटारिक्स दोन डोसची, रोटाटेक, रोटाव्हॅक, रोटासिल तीनच्या. दोन्ही डोस रोटारिक्सचेच होते हे कागदावर दिसलं तरच "संपलं" म्हणता येतं. एक जरी डोस तीनवालीचा असेल किंवा कुठला ते माहीतच नसेल तर एकूण तीन द्यायचे, अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) नियम हाच आहे. तिसरा दोनवालीचा दिला तरी चालतो, आधीच्यापासून चार आठवडे झालेले हवेत. आणि रोटा पुढे ढकलू नकोस, बाकीच्या लसी उशिरा देता येतात, हिला वयाची मर्यादा आहे, आठ महिने उलटले की बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

फोन उचलत नसतील तर प्रत्यक्ष जा. लसीच्या दिवशी नको, गर्दीत कोणी रजिस्टर काढणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. केंद्रात त्या तारखेला कुठली लस, कुठली बॅच वापरली याची नोंद असते. ती कार्डावर लिहून सही-शिक्का घे. पोलिओचं इंजेक्शन अर्ध्या मिलीचं होतं की ०.१ मिलीचं कातडीत दिलेलं, तेही लिहून घे, पुढचे डोस त्यावर ठरतात. मूळ कार्ड क्लिनिकला देऊन टाकू नकोस, फोटो दे.

काका, बाटलीबद्दल. जास्त डोसची बाटली म्हणजे खराब लस असं नाही. केंद्राच्या बाटल्यांवर बहुधा एक गोल खूण असते, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर उष्णता जास्त लागलेली नाही. आम्ही प्रत्येक बाटली बघूनच उघडायचो. प्रायव्हेटमध्येही विचारावं, फ्रिज २ ते ८ अंशात आहे का, तापमानाची वही कोण भरतं.

प्रेषक: माजी सचिव

वहिनी, माहितीबद्दल आभार. पण ताप कमी येतो हे तर खरं ना? नातवाला केंद्रातल्या डोसनंतर रात्रभर ताप होता, सूनबाई रडत होती.

प्रेषक: वहिनी

खरं आहे काका. प्रायव्हेटमध्ये बहुधा देतात त्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भाग असतात, केंद्रातल्या पेंटात अख्खा मारलेला जंतू, म्हणून ताप आणि सूज जास्त. पण निवडक भागांच्या लसीचं संरक्षण लवकर ओसरतं, त्यामुळेच जिथे अख्ख्या जंतूची चालू आहे तिथे सुरुवातीच्या डोसना तीच ठेवा असं डब्ल्यूएचओ सांगते. मी खोकल्याने निळी पडलेली तान्ही मुलं पाहिली आहेत. एका रात्रीचा ताप त्यापुढे काहीच नाही. आता तिसऱ्याला बदलायचीच वेळ आली तर बदला, फक्त डोस चुकवू नका.

प्रेषक: ताई, बालविभाग

वहिनी, बूस्टरचं पण लिहा ना, दीड वर्षाच्या वेळी पुन्हा हाच गोंधळ होतो. आणि काका, तो ठराव झाला तेव्हा बालविभागाला कोणी विचारलं नव्हतं, यावर मी सभेत बोलणार आहे.

प्रेषक: छोटीचा बाबा

वहिनी, आज सकाळी जाऊन आलो. रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा रोटाव्हॅक निघाली, बॅचसकट लिहून शिक्का दिला. म्हणजे तिसरा हवाच. क्लिनिकला फोटो पाठवला, डॉक्टर हो म्हणाले, शनिवारची वेळ मिळाली. पोलिओचं ०.१ होतं, तेही त्यांना कळवलं. काका, पालकांच्या यादीत मला घ्या, लिंक पाठवा.