पोरं चोर पकडतात तो जुना इंग्रजी पिच्चर मुलांना दाखवावा का?

सावदेकर:
राम राम मंडळी. मे महिन्यात भाचे-पुतणे सगळे सावद्याला जमतात अन् दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, म्हणून यंदा गच्चीवर चादर बांधून प्रोजेक्टरवर पिच्चर लावायचं ठरवलंय. १९४७ चा 'ह्यू अँड क्राय' लावू का? चोर लोक पोरांच्या कॉमिकमधून एकमेकांना निरोप धाडतात एवढंच ऐकून आहे. ब्लॅक अँड व्हाइट, त्यात इंग्रजी. पोरं ८ ते १३ ची. बसतील का?

भुसावळ_जंक्शन:
बिनधास्त लाव भो, दीड तासाच्या आत संपतो. जो नावाचा पोरगा कॉमिकमध्ये गाडीचा नंबर वाचतो आणि त्याच नंबरची गाडी त्याला रस्त्यावर दिसते, तिथून पोरं हलणार नाहीत. फक्त लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी डोक्यावरून जाईल, तूच मधेमधे थांबवून सांगत जा.

चाळीसगावची_ताई:
आधी पाच मिनिटं दुसऱ्या महायुद्धाचं सांगा हां, नाहीतर पोरं विचारतील भूकंप झाला होता का. त्या पडक्या इमारती सेट नाहीत, जर्मन बॉम्बने खरंच पडलेलं लंडन आहे ते, आणि पोरं तिथेच खेळतात. एक बारका तर ढिगाऱ्यावर बसून नुसते तोंडाने विमानाचे अन् बॉम्बचे आवाज काढत असतो, मला अख्ख्या पिच्चरमध्ये तोच जास्त आवडला. चोर-पोलीस ठीकठाक आहे, खरी गंमत या पोरांच्या उंडारण्यात आहे.

धुळेकर_८१:
जो कामाला असतो ते कोव्हेंट गार्डनचं भाजी-फळ मार्केट तुमच्या रावेर-सावद्याच्या पोरांना लगेच कळेल, पेट्या, हमाल, आरडाओरडा सगळं तेच. आणि त्याचा मालकच तर टोळीचा

भुसावळ_जंक्शन:
अरे काय भो!! थांब ना तिथंच, त्याने अजून पाहिला नाहीये!

धुळेकर_८१:
बरं बरं, गप बसतो. पण डायरेक्टरचं तरी सांगू दे, चार्ल्स क्राइटन, यानेच पुढे १९८८ मध्ये 'अ फिश कॉल्ड वांडा' केला. लंडनच्या ईलिंग या फिल्म स्टुडिओच्या गाजलेल्या कॉमेड्यांची सुरुवात याच पिच्चरपासून धरतात.

चाळीसगावची_ताई:
८ वर्षांचे असतील तर कॉमिकच्या लेखकाच्या घरी जिना चढून जातात तो सीन आला की जवळ घेऊन बसा. ॲलिस्टर सिम हा नट आहे त्या लेखकाच्या कामात, माणूस स्वतःच घाबरट निघतो, पण आधी पोरांची टरकते.

सावदेकर:
मालकाचं कळलंच की आता 😄 असो, पोरांना नाही सांगत. शनिवारी लावतो, लाइट राहिली म्हणजे मिळवली.