डिस्लोकेशनला मराठीत काय म्हणायचं? 'विस्थापन' नको वाटतंय

पाटीपेन्सिल :
धातू वाकतात कसे यावर मराठीत लेख लिहितोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीये. स्फटिकातल्या डिस्लोकेशनला शब्द काय? मी 'विस्थापन' लिहिलं होतं, तर कच्चा खर्डा वाचून भाचा म्हणतो, विस्थापन धरणाखाली गाव गेलेल्यांचं ना, मग तांब्यातून कोणाला उठवलं? 'निखळणं' म्हणावं तर खांदा निखळतो, तो परत बसवावा लागतो. इथं तसलं काहीच नाही. सुचवा.

कडबोळं :
स्थानभ्रंश? भारदस्त आहे.

पाटीपेन्सिल :
भारदस्त आहे खरा, पण वाचताना मतिभ्रंशच आठवतो हो.

लोखंडी :
आधी ती चीज काय आहे ते धरा, मग शब्द बघू. मक्याचं कणीस सोला. दाण्यांच्या ओळी सरळ चालल्यात आणि मध्येच एखादी ओळ संपते, शेजारच्या दोन ओळी जवळ येऊन पुढं जातात. धातूत असाच अणूंचा एक अख्खा थर अर्ध्यात संपतो, आणि त्या थराची आत अडकलेली जी कड ती रेघ म्हणजे डिस्लोकेशन. निखळलेला अणू वगैरे कोणी नाही, रेघ आहे ती! ताण दिला की त्या कडेचे अणू समोरच्या थराच्या खालच्या अर्ध्याशी जुळतात आणि आता त्याच थराचा वरचा अर्धा उघडा पडतो, म्हणजे रेघ एक घर पुढं गेली पण अणू जेमतेम हलले. रेघ आरपार गेली की वरचा भाग खालच्यावर एका अणूच्या अंतरानं सरकलेला असतो. अख्खा थर एकदम सरकवायचा तर केवढा जोर लागेल याचा हिशेब फ्रेंकेल या भौतिकशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये मांडला होता, तो तांब्याला लावला तर सुमारे ७ गिगापास्कल येतात आणि शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक प्रत्यक्षात १ मेगापास्कलच्या आसपासच नमायला लागतो. ही हजारो पटींची तफावत या रेघेमुळे. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी वेगवेगळं हेच सांगितलं.
म्हणून माझं मत 'सरकरेघ'. सरकलेला भाग आणि न सरकलेला भाग यांच्यामधली हद्द.

मुक्काम_खोली_नंबर_९ :
सरकरेघ आवडला, पण एक घोळ आहे. धातू चांगला तापलेला असला की रेघ आपली पातळी सोडून वर चढते, कारण कडेचे अणू रिकाम्या जागांमध्ये निघून जातात आणि अर्धवट थर आखूड होतो. तिथं सरकणं कुठाय? आणि दुसऱ्या जातीच्या, म्हणजे स्क्रू डिस्लोकेशनमध्ये तर अर्धवट थरच नसतो, रेघेभोवती एक फेरी मारली की गोल जिन्यासारखं तुम्ही वरच्या मजल्यावर.

लोखंडी :
चढते तेव्हाही हद्द हद्दच राहते, पण ठीक, मुद्दा मान्य. स्क्रूला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, मळसूत्र! मळसूत्री रेघ.

कडबोळं :
आणि या रेघांची संख्या वाढत जाते त्या मल्टिप्लिकेशनला काय, 'गुणन'? पाढे आठवले. मुळात मला हेच कळत नाही की रेघ आरपार गेली म्हणजे संपली ना, मग ठोकत गेलं तर धातूतल्या रेघा कमी व्हायला हव्यात.

लोखंडी :
लाख मोलाचा प्रश्न. उलटं होतं. तापवून मऊ केलेल्या धातूत एका चौरस सेंटिमीटरच्या छेदात १० लाख ते १ कोटी रेघा, आणि थंडपणी भरपूर ठोकला की १० हजार कोटींच्या वर. याचं उत्तर फ्रँक आणि रीड यांनी १९५० मध्ये दिलं. रेघेचा एक तुकडा दोन टोकांना जखडलेला धरा. ताणानं तो धनुष्यासारखा बाहेर फुगतो, अर्धवर्तुळापर्यंत जोर वाढवावा लागतो आणि त्यापुढे मात्र आपोआप पसरत टोकांना वळसा घालून मागे येतो. मागे दोन बाजू भेटतात, त्या एकमेकींच्या विरुद्ध जातीच्या, म्हणून तिथं कटतात. एक वेटोळं सुटून बाहेर पळतं आणि जखडलेला तुकडा जागच्या जागी, पुढचं सोडायला तयार. साबणाच्या कडीतून फुगे निघतात तसं. थोडक्यात रेघ पिल्लू सोडते, अफवा सोडतात तसंच.

तांब्याचा_बंब :
माझं आजोळ पुण्यातल्या तांबट आळीजवळ, मठारकामाची, म्हणजे भांडं ठोकून घडवायची, टकटक ऐकतच सुट्ट्या गेल्या. मठारलेलं भांडं कडक का, तर ही पिल्लावळ एकमेकीत गुंतते आणि कोणालाच हलता येत नाही, असंच ना? पुन्हा मऊ करायला तांबं लाल तापवतात, तेव्हा गुंता सुटतो. तांबं मग पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पोलादासारखं कडक होत नाही.

लोखंडी :
अगदी. आणि हा नुसता कागदी खेळ नाही, १९५६ मध्ये केंब्रिजला अॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात या रेघा सरकताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसल्या.

पाटीपेन्सिल :
ठरलं. नाम 'डिस्लोकेशन'च ठेवतो, कारण चढण्याचा भाग लेखात आहे आणि सरकरेघ तिथं अडकेल. पण क्रियापदं सगळी आपली: सरकते, चढते, जखडते, वेटोळं सोडते, गुंतते. कणीस पहिल्या परिच्छेदात. मल्टिप्लिकेशनला 'पैदास' चालेल?

कडबोळं :
पैदास गुरांची असते हो.

पाटीपेन्सिल :
मग 'पिल्लावळ'च. संपादकांनी कापलं तर कापू दे.