विषय: पुन: पुढच्या महिन्याची गट-तिकिटं, आणि हे वास्क्स कोण?

प्रेषक: सु. द.

नमस्कार मंडळी,
वाद्यवृंदाच्या मैफिलीची गट-तिकिटं काढतेय, दहा जण जमले तर सवलत आहे. मध्यंतरापूर्वी पेतेरिस वास्क्स या लात्वियन संगीतकाराचा ‘दूरचा प्रकाश’ हा व्हायोलिन कॉन्सर्टो (म्हणजे एकटं व्हायोलिन पुढे आणि वाद्यवृंद साथीला), नंतर जर्मन संगीतकार ब्राम्स. वास्क्स हे नाव मला नवीन. यूट्यूबवर सुरुवातीची पाच मिनिटं ऐकली. ध्यानाला बसताना लावतात तसलं काहीतरी वाटलं. आई-बाबा सध्या इथेच आहेत, त्यांना आणू का?

प्रेषक: वि. ग.

ताई, जरूर आणा. फक्त ‘ध्यानाचं संगीत’ असं सांगून आणू नका, अर्ध्या वाटेत तुमच्यावर चिडतील!

मी हौशी वाद्यवृंदात डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य वाजवतो, आणि वास्क्सही मूळचे डबल बासवालेच, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं आहे हे आधीच सांगतो. जन्म १९४६चा, पश्चिम लात्वियातल्या आयझ्पुते गावातला. वडील बाप्टिस्ट पाद्री. सोव्हिएत अमदानीत पाद्र्याच्या मुलाला रीगाच्या संगीत अकादमीचं दार बंद, म्हणून शेजारच्या लिथुआनियात, व्हिल्नियसला जाऊन शिकले. बरीच वर्षं वाद्यवृंदांत मागच्या बाजूला उभं राहून डबल बास वाजवला, मध्ये सोव्हिएत सैन्यातली सक्तीची नोकरी झाली. रचनेचं रीतसर शिक्षण रीगात पुरं झालं ते १९७८ मध्ये. त्याच वर्षीची त्यांची एकट्या चेलोसाठीची रचना मिळाली तर ऐका. दोनच भाग, पहिला अतिशय जोरकस, दुसरा अगदी हळू. आणि दुसऱ्यात चेलोवादकाने वाजवता वाजवता स्वतः गायचंही असतं.

आता ‘दूरचा प्रकाश’. रीगातच जन्मलेल्या व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरसाठी १९९६-९७ मध्ये लिहिला आणि १९९७ च्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग महोत्सवात पहिल्यांदा वाजला. सोबतीला फक्त तंतुवाद्यं, ना तुतारी ना नगारा. अर्धा तास सलग, मध्ये थांबा नाही. तुम्ही ऐकलीत ती पाच मिनिटं म्हणजे नुसता उंबरठा. पुढे व्हायोलिन तीनदा अगदी एकटं पडतं, आणि तिसऱ्या खेपेनंतर सगळा वाद्यवृंद अंगावर येतो. तिथे वादकांना स्वर लिहून दिलेत, पण ते कुठल्या वेगाने वाजवायचे हे ज्याचं त्याच्यावर सोडलंय. ही युक्ती त्यांनी पोलिश संगीतकारांकडून, लुतोस्लाव्स्की-पेंडेरेत्स्कींकडून उचलली. त्या कल्लोळातून एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठेक्यांची नाचाची चाल, निघतो, आणि तो काही प्रेमळ वगैरे नाही. मग कुठे सुरुवातीची शांतता परत येते. तो कल्लोळ गाळून दोन्ही टोकं तेवढी ‘रिलॅक्स’वाल्या यादीत घालतात, त्याचा मला मनापासून राग आहे.

प्रेषक: र. प.

वि., निबंध वाचला. पाद्र्याचा मुलगा म्हणजे शेवटी चर्चचंच संगीत ना? आणि या बाल्टिक मंडळींत मला तरी फरक कळत नाही. आर्व्हो पेर्ट ऐकून झालाय, पुरे.

प्रेषक: वि. ग.

काका, पेर्ट एस्टोनियाचे, आणि त्यांचा सगळा जोर कमीत कमी स्वरांत भागवण्यावर. वास्क्स तसे आवरते घेणारे नाहीत. दुखलं की ओरडतात. १९८३ ची ‘मूझिका दोलोरोसा’ (दुःखाचं संगीत) ऐका, बहीण गेल्यावर लिहिलेली. तेरा-चौदा मिनिटांत दिलासा म्हणून कुठे मिळत नाही.

चर्चचं म्हणाल तर थोडं खरं आहे. ‘पातेर नोस्तेर’, म्हणजे ख्रिस्ती लोकांची ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना, संगीतात लिही असं वडील सांगत राहिले, यांनी ते लिहिलं वडील गेल्यावर, १९९१ मध्ये. पण त्याच वर्षाची पहिली सिंफनीही आहे, ‘आवाज’. लिथुआनिया-लात्विया सोव्हिएत संघातून बाहेर पडू पाहत होते; त्या जानेवारीत व्हिल्नियसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी सोव्हिएत रणगाडे माणसांवर घातले गेले, आणि रीगात लोकांनी ट्रक, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे रस्त्यांत रचून पहारे दिले. सिंफनीचे भाग तीन: शांततेचे आवाज, जीवनाचे आवाज, सदसद्विवेकाचे आवाज. मधल्या भागात पक्षी आहेत. त्यांच्या रचनांत पक्षी सारखे येतात, कधीकधी जरा जास्तच, हे मीही कबूल करतो. आणि एवढी मोठी गोष्ट सांगायला इथेही फक्त तंतुवाद्यंच घेतलीत. हे धाडस पेर्टपेक्षा वेगळ्या जातीचं आहे, काका.

प्रेषक: सु. द.

आतापर्यंत आठ नावं आली, आई-बाबा धरून. शुक्रवारी यादी बंद करते. खोकला असणाऱ्यांनी कडेची खुर्ची मागून घ्यावी, सुरुवात फारच हळू आहे. काका, तुमचं नाव लिहू?

प्रेषक: र. प.

लिहा. पण मी ब्राम्ससाठी येतोय, अशी नोंद असू द्या.